आवाज करत नाही म्हणून ससा घेताय?

"ससा घ्या ना! आवाज नाही, फिरवायला न्यायला नको, पोरं खूश." सांगवीत तीन दुकानांत विचारलं, तिन्हीकडे हेच ऐकलं. माझा राग याच वाक्यावर आहे. मुकेपणा हा माल खपवायचा मुद्दा झालाय आणि तोच त्या जिवाच्या मुळावर येतोय.

कुत्र्याला दुखलं तर तो केकाटतो. सशाची मात्र पिढ्यान्पिढ्या शिकार होत आली. जो कण्हला तो आधी उचलला गेला. म्हणून तो गप्प बसतो आणि आपण म्हणतो, "किती शांत आहे बघा!"

दुखणं दिसतं हो, पण बघावं लागतं. 2012 साली संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची पट्टीच तयार केली. डोळे अर्धवट मिटलेले, गाल चपटे, नाकपुडीची गोलाई जाऊन ती टोकदार झालेली, मिशा ताठ, कान सुरळी होऊन पाठीकडे गेलेले. त्यात तो कोपऱ्यात कुबड काढून बसला असेल, दात करकरा चावत असेल, तर तो शांत नाही, कळवळतोय. सगळ्यात मोठी खूण म्हणजे खाणं आणि लेंड्या बंद. सशाला उलटी होत नाही, आतडं थांबलं की एक-दोन दिवसांत खेळ खलास. दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर ताबडतोब डॉक्टर गाठा. "सोमवारी बघू" नको. आणि घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन पाजायची डॉक्टरकी तर अजिबात नको, पोटातून दिलेलं ते औषध सशाला मारू शकतं.

बरं, दुखणं येतं कुठून? बऱ्याचदा आपणच आणतो. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजायला दिवसभर गवत चघळायला लागतं. आपण देतो गाजर आणि बिस्किट! वाळलेलं गवत गोठेवाल्याकडे मिळतं. (पवनेच्या काठचं कापून आणू नका, ते पाणी आपण रोज बघतो.) जाळीच्या तळावर उभं राहून पायांना जखमा होतात. आणि मे महिन्यात बाल्कनीतल्या पिंजऱ्यात त्याचं काय होत असेल? त्याला आपल्यासारखा घाम येत नाही.

कायद्याचं म्हणाल, तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. आजही! दोन वडापाव खाल्ले तरी जवळपास तेवढे होतात. 2018 च्या नियमांप्रमाणे पेट शॉपला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती किती दुकानांकडे आहे, हे आपण कधी विचारलंय का?

रविवारी मी त्या तिन्ही दुकानांत नोंदणीचा कागद मागायला जाणार आहे. सोबत कोण येतंय ते सांगा.