पिल्लाआधी त्याची आई पाहा

सरकारी रुग्णालयात श्वानदंशाची लस देण्याच्या खोलीबाहेर रोज रांग असते. त्या रांगेतल्या सगळ्यांनाच मोकाट कुत्रे चावलेले नसते. नव्याने आणलेल्या लॅब्रॅडॉरच्या पिल्लाशी खेळताना दात लागलेला सात-आठ वर्षांचा मुलगा, त्याच्या मनगटावर दोन बारीक ओरखडे आणि शेजारी अपराधी चेहऱ्याचे वडील, हे दृश्य तिथे नवे नाही. वडिलांच्या हातात पिल्लाचे लसीकरणाचे पुस्तक असते. त्यात रेबीजच्या रकान्यात शिक्काही असतो. पिल्लाचे वय किती, असे विचारले की उत्तर येते, ‘चाळीस दिवस.’ ते आता कसे आहे, या प्रश्नाचे उत्तर कधी कधी त्याहून वाईट असते. उलट्या झाल्या, रक्ताचे जुलाब लागले आणि चार दिवसांत ते गेले.

मग डॉक्टरांपुढे पर्याय उरत नाही. चावलेला कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असे म्हणता येते. मेलेल्या पिल्लाबाबत ही खात्री देता येत नाही. ते बहुधा पार्व्होने गेलेले असते. पण ‘बहुधा’ या शब्दावर लेकराचा जीव टांगता येत नाही, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून ज्यांना पिल्लाचे दात लागले किंवा जखमेवर त्याची लाळ लागली, त्या सगळ्यांना लसीचे पूर्ण डोस घ्यावे लागतात. पुस्तकातल्या शिक्क्याचा इथे उपयोग नसतो. कुत्र्याच्या पिल्लाला रेबीजची लस साधारणपणे तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. त्याआधी आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लसीचा परिणाम नीट होऊ देत नाहीत. चाळिसाव्या दिवसाचा शिक्का संरक्षणाची हमी देत नाही. तो देतो फक्त खोटा दिलासा.

या साखळीची सुरुवात रुग्णालयात होत नाही. ती होते पिल्लू विकत घेतले त्या दिवशी. म्हणूनच जबाबदार श्वानपालक-विक्रेता कसा ओळखावा, हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नाही. तो घराच्या आरोग्याचा आहे.

पहिली कसोटी अगदी जुनी आहे: खाण तशी माती. पिल्लाची आई दाखवा, असे म्हटल्यावर जो विक्रेता तिला पिल्लांसह, ती राहते त्याच जागी दाखवतो, तिथेच पुढे बोलावे. ‘आई गावाकडे आहे’, ‘ती अनोळखी माणसांवर धावते’, ‘तुम्ही कशाला येता, पिल्लू घरपोच पाठवतो’ अशी उत्तरे मिळाली तर परत फिरावे. आईकडे पाहिले की बरेच कळते. ती खंगलेली, केस गेलेली, भेदरलेली असेल, तर तिच्यावर वितांमागून विते लादली जात आहेत असे समजावे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये श्वानप्रजनन आणि विक्रीबाबत नियम केले. त्यांनुसार मादी दीड वर्षाची होण्याआधी आणि आठ वर्षांची झाल्यावर तिची वीण घेता येत नाही. वर्षात एकापेक्षा जास्त वेत नको आणि आयुष्यभरात पाचापेक्षा जास्त नकोत. विक्रेत्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीही करावी लागते. हा नोंदणी क्रमांक मागणे यात संकोच कसला? भाजीवाल्याकडे आपण कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून पाहतो. दहा-बारा वर्षे घरात राहणाऱ्या जिवाबाबत मात्र भिडेखातर गप्प बसतो.

दुसरी कसोटी वयाची. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास याच नियमांनी मनाई केली आहे. तरीही पाच आठवड्यांची पिल्ले सर्रास विकली जातात, कारण ती जास्त गोंडस दिसतात आणि विक्रेत्याचा खाण्याचा व लसीचा खर्च वाचतो. भावंडांशी झोंबाझोंबी करताना जोराने चावले की खेळ थांबतो, हे पिल्लू याच दिवसांत शिकते. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी श्वानवर्तनाचा अनेक वर्षे अभ्यास करून १९६५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याच्या स्वभावाची घडण करतो, हे त्यांनी दाखवले. या काळात पिंजऱ्यात कोंडलेले, माणसाचा हात न लागलेले पिल्लू पुढे घाबरट होऊ शकते. आणि घाबरलेला कुत्रा चावतो.

तिसरी कसोटी कागदाची, पण योग्य कागदाची. केनेल क्लबचा दाखला वंशावळ सांगतो, प्रकृती नाही. आरोग्याच्या नोंदी वेगळ्या असाव्या लागतात: जंताचे औषध कोणत्या तारखांना दिले, पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस कधी टोचली, लसीच्या बाटलीचे लेबल, पशुवैद्याची सही व नोंदणी क्रमांक. जंताचा मुद्दा किरकोळ नाही. कुत्र्यातला टॉक्सोकारा नावाचा गोलकृमी आईच्या पोटातच पिल्लात शिरतो. म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचे झाल्यापासूनच औषध सुरू करावे लागते. या कृमीची अंडी मातीतून मुलांच्या तोंडात गेली, तर अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यात पोहोचून दृष्टीला इजा करतात. खरूज आणि गजकर्णही पिल्लासोबत घरात येतात.

चौथी कसोटी आई-बापाच्या तपासण्यांची. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. वीण घेण्यापूर्वी खुब्याचा एक्स-रे काढलेला असेल, तर चांगला विक्रेता तो स्वतःहून दाखवतो. पग आणि फ्रेंच बुलडॉगचे चपटे नाक हा तर माणसाच्या हौसेचा परिणाम. त्यांचे घोरणे गमतीचे नसते, तो श्वास घेण्याचा आटापिटा असतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात असा कुत्रा उष्माघाताच्या उंबरठ्यावर जगतो. दाट केसांच्या हस्कीची गतही वेगळी नाही. तुमच्या गावचे हवामान न विचारता या जाती विकणारा माणूस कुत्र्यांवर प्रेम करतो, असे मानायला जागा नाही.

यातूनच शेवटची आणि बहुधा सर्वांत खरी कसोटी निघते. जबाबदार विक्रेता तुम्हाला प्रश्न विचारतो. घरात कोण असते, दिवसभर त्याच्याजवळ कोण राहील, लहान मुले किती, परगावी जाताना काय कराल? उत्तर पटले नाही तर तो नकार देतो. त्याच्याकडे एक-दोनच जाती असतात आणि पिल्लासाठी वाट पाहावी लागते. काही कारणाने सांभाळणे जमले नाही, तर कुत्रा परत माझ्याकडे आणा, असे तो सांगतो. ज्याच्याकडे बारा महिने दहा जाती ‘तयार’ असतात, त्याचा धंदा पिंजरे रिकामे करण्याचा असतो.

अशा पिंजऱ्यातले आजारी पिल्लू दयेपोटी विकत घेणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण रिकाम्या झालेल्या पिंजऱ्यात आठवडाभरात दुसरे पिल्लू येते आणि त्याच्या आईवर आणखी एक वेत लादले जाते. तिथे पैसे मोजण्यापेक्षा तक्रार नोंदवणे अधिक दयेचे ठरते. ज्यांना केवळ सोबत हवी आहे, त्यांनी गल्लीतले देशी पिल्लू जरूर घ्यावे. ते इथल्या हवेला सरावलेले असते. मात्र लस आणि जंताचे औषध त्यालाही तितकेच लागते.

नियम होऊन बरीच वर्षे झाली. पशुसंवर्धन खाते आणि महापालिकांनी नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी ठळकपणे लोकांसमोर ठेवली, तर ग्राहकाचे काम सोपे होईल. तोवर विचारपूस हाच उपाय. आणि दात लागलाच, मग तो घरच्या पिल्लाचा का असेना, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना-मिरची काहीही लावू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लस तिथे मोफत मिळते. विक्रेत्याला एक प्रश्न वेळेवर विचारला असता, तर कदाचित ती रांग टळली असती.