गाडी उंच केली, पण चाके जुळवली का?



आमच्या पुतण्याने गेल्या हंगामात पिकअप गाडी उंच करून घेतली. मळ्याच्या रस्त्याला दोन चाकोऱ्या आणि मध्ये उंचवटा. गाडीचे पोट टेकायचे, ही अडचण खरी होती. गॅरेजवाल्याने उंची दोन इंच वाढवली आणि मोठे टायर बसवून दिले. गाडी रुबाबदार दिसू लागली. पण कांद्याच्या चार खेपा झाल्या तोच वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, गाडी रस्त्यावर सरळ चालत नाही. पोरगा सारखा स्टिअरिंग सावरत असतो. घाटात मला शेजारी बसायची भीती वाटते."

मी टायरवरून हात फिरवला. नव्या टायरची बाहेरची कड झिजली होती. हात एका दिशेने गुळगुळीत जाई, उलट फिरवला की करवतीसारखा खरखरे. दोष टायरचा नव्हता. उंची वाढवताना चाकांची मांडणी बिघडली होती, आणि ती कोणी पुन्हा जुळवली नव्हती.

या मांडणीला अलाइनमेंट म्हणतात. त्यात तीन गोष्टी पाहतात.

पहिली टो. गाडीकडे वरून पाहिले तर पुढची चाके पावले आत वळवून चालणाऱ्या माणसासारखी आहेत, की फेंगडी आहेत, हे टो सांगतो. जुवाखालचे दोन बैल एकमेकांना रेटू लागले तर गाडी पुढे जाते, पण बैल दमतात. इथे बैलांऐवजी टायर झिजतात. समजा टायरचा व्यास 73 सेंटिमीटर आहे आणि दोन चाकांमधले अंतर पुढून, मागच्यापेक्षा 12 मिलिमीटर कमी आहे. म्हणजे प्रत्येक चाक 6 मिलिमीटर वाकडे. हिशेब केला तर असे चाक दर किलोमीटरला सुमारे 8 मीटर आडवे फरपटते.

दुसरी कॅम्बर. समोरून पाहताना चाकाचा माथा आत किंवा बाहेर किती कलला आहे, तो कॅम्बर. माथा बाहेर कलला की बाहेरची कड झिजते, आत कलला की आतली.

तिसरी कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, म्हणून सायकल सरळ धावते. मोटारीतही तसाच कल असतो. वळण संपले की स्टिअरिंग आपोआप मध्यावर येते ते यामुळे. हा कल कमी झाला की गाडी भरकटते. वहिनींना भीती वाटली ती याचीच.

आता उंचीने काय होते ते पाहा. पुढे प्रत्येक चाक स्वतंत्र हात-दांड्यांवर असेल, तर गाडी उंच होताच ते हात खाली झुकतात. बहुधा चाकाचा माथा बाहेर कलतो आणि टोही बदलतो. पुढे सलग आस आणि पाटे असतील, तर कॅम्बर फारसा बदलत नाही. पण पाट्यांची टोके खाली-वर झाल्याने आस फिरते आणि कॅस्टर बिघडतो. तो आस आणि पाट्यांमध्ये योग्य कोनाची पाचर बसवून सुधारतात.

अलाइनमेंटला जाण्याआधी टायरची हवा सारखी करा. बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके आणि चाकाचे बेअरिंग सैल नाहीत ना, ते तपासा. सैल सांध्यावर केलेले माप टिकत नाही. मिस्त्रीने आधी कॅस्टर, मग कॅम्बर आणि शेवटी टो जुळवावा, कारण पहिले दोन हलवले की टो बदलतो. टोचे माप अंशात मागा. मिलिमीटरचे माप टायरच्या व्यासाप्रमाणे बदलते, मोठ्या टायरला जुना आकडा लागू पडत नाही. मापाचा कागद घरी आणा. नवे पाटे किंवा स्प्रिंगा घातल्या असतील तर त्या बसतात, म्हणून हजारभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्या.

घरच्या घरीही टो पाहता येतो. सपाट जागी चाक जॅकवर उचला, दुसऱ्या चाकांना दगड लावा. चाक फिरवत टायरच्या मधोमध खडूचा पट्टा आणि त्यात खिळ्याने बारीक रेघ ओढा. दोन्ही चाकांना असे करून गाडी खाली घ्या, स्टिअरिंग सरळ धरून थोडी पुढे ढकला. मग तुंब्याच्या उंचीला रेघेवरून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खूण करा, आधी चाकांच्या पुढे, मग मागे. दोन्ही अंतरे मोजा. बहुतेक पिकअपना पुढचे अंतर एक ते तीन मिलिमीटर कमी लागते, पण खरा आकडा गाडीच्या पुस्तकातला. फरक जास्त दिसला तर मिस्त्रीकडे चला.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पुस्तकातले आकडे कारखान्याच्या उंचीसाठी आहेत. उंच केलेल्या गाडीत मिस्त्रीला ते साधलेच नाहीत, तर उंची जास्त झाली, असे समजा. ती उतरवा. "थोडे चालते" असे कोणी म्हटले तरी ऐकू नका.

शिवाय दिव्यांचा झोत वर जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. ब्रेकची नळी ताणली जाते. 215/75 आर 15 च्या जागी 235/75 आर 15 टायर घातला तर काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टने धावत असते. कायद्याचेही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 बाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले, की कारखान्याच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीही त्यावर बोट ठेवू शकते.

आमच्या पुतण्याने शेवटी मूळ उंची परत आणली. मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर घेतले आणि अलाइनमेंट करून घेतले. मळ्याच्या रस्त्यावर चार ट्रॉल्या मुरूम टाकून मधला उंचवटा काढला. परवा वहिनी त्याच गाडीतून घाट उतरून माहेरी जाऊन आल्या. पुतण्याने एका हाताने स्टिअरिंग धरले तरी त्या काही बोलल्या नाहीत.

तुमच्या घरी अशी उंच गाडी असेल, तर उद्या सकाळी टायरवरून एकदा हात फिरवून पाहा. खरखर लागली तर पुढची खेप भरण्याआधी अलाइनमेंट करून घ्या.