पेन्सिल कुणाची, शाई कुणाची?

सुपरहीरोंची कॉमिक्स, त्यांच्या मालिका आणि थरारक कादंबऱ्या यांवर हौसेनं लिहिणारी मंडळी आता मराठीतही बरीच आहेत. नोकरी-धंदा सांभाळून, पदरचे पैसे खर्चून ही माणसं वाचतात, पाहतात आणि लिहितात. मी त्यांचं लेखन आवर्जून वाचतो. पण त्यातला बराच मजकूर एकाच वाटेनं जातो. अर्ध्याहून अधिक जागेत कथानक, मग ‘पकड घेते’, ‘मध्येच जरा रेंगाळते’ आणि शेवटी तारे. ताऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते परीक्षण वाचून संपतं तरी चित्रं कुणी काढली, शाई कुणी फिरवली, रंग कुणी भरले, मारामारी कुणी बसवली, हे कळत नाही, याचं मला वाईट वाटतं. हे सांगणं हौशी समीक्षकाचं पहिलं काम आहे, असं माझं ठाम मत आहे. पगारी समीक्षक या प्रकाराकडे ढुंकूनही पाहत नव्हते तेव्हा ते काम हौशी लोकांनीच केलं, आणि त्यामुळे एका माणसाला त्याचं नाव परत मिळालं.

तो माणूस म्हणजे बिल फिंगर. मे 1939च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या 27व्या अंकात बॅटमॅन पहिल्यांदा अवतरला, तेव्हा खाली नाव होतं एकट्या बॉब केनचं. केनच्या सुरुवातीच्या रेखाटनात लाल कपडे, डोळ्यांपुरता मुखवटा आणि पाठीला वटवाघळाचे ताठ पंख होते. टोकदार कानांचा टोप, पंखांऐवजी झगा, करडा-काळा रंग, हातमोजे, हे सगळं फिंगरनं सुचवलं. तो तेव्हा जोडे विकायचा आणि फावल्या वेळात केनसाठी लिहायचा. पहिली कथा त्याची. ब्रूस वेन हे नाव त्याचं. गॉथम हे शहरही त्याचंच. टेलिफोन डिरेक्टरीत एका सराफाचं नाव दिसलं त्यावरून ते सुचलं, असं त्यानं पुढे सांगितलं. पण केननं कंपनीशी करार केला तो स्वतःच्या एकट्याच्या नावाचा, आणि पंचवीसएक वर्षं वाचकांना फिंगर नावाचा कुणी आहे याचा पत्ताही नव्हता.

हे उजेडात आणलं ते जेरी बेल्स नावाच्या प्राध्यापकानं. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात तो विज्ञान शिकवायचा आणि हौस म्हणून 1961पासून ‘ऑल्टर ईगो’ नावाचं कॉमिक्सविषयीचं छोटेखानी नियतकालिक काढायचा. पहिले अंक डुप्लिकेटरवर काढून टपालानं पाठवलेले. त्याच सुमाराला ज्युलियस श्वार्ट्झ या संपादकानं वाचकांच्या पत्रांखाली त्यांचे पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली होती. त्यामुळे गावोगावचे वाचक एकमेकांना थेट लिहू लागले, आणि कोणती कथा कुणी लिहिली, कोणतं चित्र कुणाच्या हातचं, याचा खल सुरू झाला. रेषेच्या वळणावरून, हात काढायच्या लकबीवरून ही माणसं चित्रकार ओळखायची. 1965मध्ये बेल्सनं फिंगरची गाठ घेतली, त्याला बोलतं केलं आणि बॅटमॅनच्या जडणघडणीत त्याचा वाटा किती हे लिहून काढलं. केन भयंकर संतापला. त्यानं चाहत्यांच्याच एका नियतकालिकाला लांबलचक पत्र लिहून सगळं नाकारलं.

फिंगर 1974मध्ये गेला, नावाविना. 1989च्या आत्मचरित्रात केननं त्याचा वाटा मान्य केला, पण छापील श्रेय तेवढ्यानं बदलत नव्हतं. पुढे मार्क टायलर नोबलमन या लेखकानं बेल्सच्या वाटेनं जात कागद धुंडाळले, फिंगरची नात शोधून काढली आणि 2012 साली त्याच्यावर पुस्तक केलं. त्यानंतर तीन वर्षांनी, 2015मध्ये, डीसी कंपनीनं बॅटमॅनच्या श्रेयनामावलीत बिल फिंगर हे नाव घालायचं जाहीर केलं. त्याच्या पन्नास वर्षं आधी एका विज्ञानाच्या मास्तरानं हौसेनं जे लिहून ठेवलं होतं, त्यावर हे उभं राहिलं. बेल्स तेवढ्यावर थांबला नव्हता. हेम्स वेअरबरोबर त्यानं अमेरिकी कॉमिक्समधल्या लेखक-चित्रकारांची चार खंडांची सूची 1973 ते 1976 या काळात काढली. पेन्सिल कुणाची, शाई कुणाची, अक्षरं कुणाची, अशी नोंद.

नावं कळली की पाहायची नजरही बदलते. 2015च्या ‘डेअरडेव्हिल’ मालिकेचा दुसरा भाग घ्या. शेवटी एका अरुंद बोळकांडीत मारामारी आहे, सुमारे तीन मिनिटांची, एकाच सलग दृश्यासारखी. ‘अफलातून फाइट’ असं म्हणून बहुतेक परीक्षणं पुढे जातात. जरा थांबून पाहा. कॅमेरा बोळात राहतो, आणि निम्मी मारामारी बाजूच्या खोल्यांत, आपल्या नजरेआड होते. आपल्याला ऐकू येतात ते आवाज, आणि दारातून बाहेर फेकला जाणारा माणूस. पडलेली माणसं पुन्हा उठतात. नायक स्वतः दमतो, भिंतीला टेकतो, धापा टाकतो, मग पुढचा ठोसा मारतो, आणि तो ठोसा आधीच्यापेक्षा हळू असतो. सुपरहीरोचा दम लागलेला दिसणं हेच त्या प्रसंगाचं सार आहे. ही कल्पकता साहसदृश्यं बसवणाऱ्या फिलिप सिल्व्हेराची आणि दिग्दर्शक फिल एब्राहमची. आणि मुखवट्याआड नायकाचं काम करणाऱ्या चार्ली कॉक्सच्या जागी बराच वेळ ख्रिस ब्रूस्टर हा स्टंटमन आहे. ज्यानं ठोसे खाल्ले त्याचं नाव परीक्षणात यायला एक ओळ लागते.

कॉमिक्सच्या बाबतीत तर पान उघडून दाखवल्याशिवाय बोलताच येत नाही. ‘वॉचमेन’ची थोरवी ॲलन मूरच्या विचारांत आहे असं सगळे लिहितात, ते खरंही आहे. पण पाचव्या प्रकरणात चित्रकार डेव्ह गिबन्सनं काय केलंय ते पाहा. अठ्ठावीस पानं, आणि पहिल्या पानाच्या चौकटींची मांडणी शेवटच्या पानात आरशासारखी उलटते, दुसऱ्याची सत्ताविसाव्यात, असं करत मधल्या जोडपानावर दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात. जॉन हिगिन्सचे जांभळे, हिरवे, नारिंगी रंग नसते तर ती सृष्टी इतकी आजारी, इतकी कोंदट वाटली नसती. हे हौशी माणसाला जमतं, कारण त्याला कुणी घाई केलेली नसते. तेच पान तो दहादा पाहू शकतो.

थरारक कादंबरीचं परीक्षण अधिक अवघड. इथे शेवट फोडायचा नाही, हे पथ्य पाळावंच लागतं. म्हणून लोक कथेचा पहिला तृतीयांश सांगतात आणि थांबतात. यावर उपाय आहे. काय घडतं याऐवजी ते कसं घडवून आणलंय हे लिहावं. फ्रेडरिक फोर्सिथची ‘द डे ऑफ द जॅकल’ 1971मध्ये आली तेव्हा, ज्यांच्या खुनाच्या कटाची ती गोष्ट, त्या फ्रान्सच्या माजी राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना घरी नैसर्गिक मरण येऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांचा खून होणार नाही हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक, आणि तरी पुस्तक हातातून सुटत नाही. का, याचं उत्तर परीक्षणात हवं. फोर्सिथ हा पॅरिसमध्ये बातमीदारी केलेला माणूस. मेलेल्या लहान मुलाच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट कसा काढायचा, बंदूक सुटी करून कशात दडवायची, रानात झाडाला टांगलेल्या खरबुजावर गोळी कशी पारखायची, हे तो बातमीच्या थंडपणानं सांगतो. खरबूज फुटतं तेव्हा आपल्याला डोकं दिसतं. एवढं सांगितलं तरी शेवट शाबूत राहतो आणि वाचकाला पुस्तकाची जात कळते.

अँथनी बाउचर हे काम असंच करायचा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये 1951पासून 1968मध्ये मरेपर्यंत तो रहस्यकथांवर दर आठवड्याला लिहीत होता. इतर समीक्षक ज्यांना हात लावत नसत अशा थेट स्वस्त पेपरबॅकमध्ये निघालेल्या कादंबऱ्याही तो तितक्याच आस्थेनं वाचायचा. अर्जेंटिनाच्या बोर्हेसची कथा 1948मध्ये पहिल्यांदा इंग्रजीत आणली तीही त्यानंच, तीसुद्धा एका रहस्यकथांच्या मासिकात. हा माणूस त्या कामाचे पैसे घेत होता, पण वृत्ती हौशाची. पुस्तक किती किमतीचं, यावरून त्याची लायकी त्यानं ठरवली नाही.

आपल्याकडे असा कुणी रोजचा नोंदकर्ता फार दिवस नव्हताच. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाचनालयांच्या दारात उभ्या राहिल्या. पण कोणती कथा चांगली बांधलेली, कोणती घाईची, कुठे त्यांची भाषा धावते आणि कुठे अडते, हे त्या वेळी आठवड्यामागून आठवडा कुणी लिहून ठेवलं असतं तर आज आपण आकड्यापलीकडे काही बोलू शकलो असतो. त्या पुस्तकांना चेहरा दिला रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठांनी. देवादिकांच्या चित्रांसाठी त्यांना सगळे ओळखतात. रहस्यकथांचं त्यांचं काम मात्र तळटिपेत राहिलं. सुहास शिरवळकरांचंही तेच. 2013मध्ये चित्रपट आला आणि सगळीकडे ‘दुनियादारी’चे लेखक म्हणून ते पुन्हा गाजले. पण फिरोज इराणी, दारा बुलंद यांच्या कथांवर, किंवा बॅरिस्टर अमर विश्वासच्या कथांमध्ये त्यांनी कोर्टातली उलटतपासणी कशी रंगवली, यावर मन लावून लिहिलेलं फारच थोडं सापडतं.

1964मध्ये सुरू झालेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मराठीतही यायची, आणि आज पन्नाशी-साठीत असलेल्या कितीतरी जणांची वाचनाची सुरुवात त्यातल्या वेताळापासून, म्हणजे फँटमपासून झाली. वेताळ ली फॉकचा आणि साय बॅरीच्या रेषेतला. पण 1976मध्ये त्याच मालेत आलेला बहादूर आपला होता, आबिद सुरतींनी लिहिलेला आणि गोविंद ब्रह्मानियांनी चितारलेला. चंबळचे डाकू, गावपंचायत, भगव्या कुर्त्याखाली जीन्स. त्या मालेतली मराठी भाषा कुणाकुणाची होती, फुग्यांतली अक्षरं कुणी घातली, हे सांगू शकणारी माणसं अजून आहेत. ज्यांच्या माळ्यावर हे अंक आहेत, त्यांनी पुढचं परीक्षण नव्या मालिकेवर लिहिण्याआधी एक गठ्ठा खाली काढावा, प्रत्येक अंकात छापलेली सगळी नावं उतरवून घ्यावीत, आणि जिथे नाव छापलेलं नाही तिथे त्या काळी छापखान्यात, संपादन विभागात काम केलेल्यांना जाऊन विचारावं.