आधी पाणी थांबायची जागा, मग गटार

चिपळुणात पाणी म्हटलं की सगळ्यांची बोटं वाशिष्ठीकडे वळतात. साहजिक आहे. २२ जुलै २०२१ला बाजारपेठेत जे झालं ते २००५चा पूर पाहिलेल्यांनाही नवीन होतं. त्याच वर्षी डिसेंबरात शहराने नदीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषण केलं, मग यंत्रं आली, काठावर गाळाचे ढीग लागले. निळी पूररेषा, लाल पूररेषा हे पाटबंधारे खात्याचे शब्द किराणा दुकानात ऐकू यायला लागले. कोयनेच्या वीजघरांचं अवजल कोळकेवाडीहून वाशिष्ठीत कधी आणि किती उतरतं, यावर रिक्षास्टँडवर वाद होतात. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण या गदारोळात दुसऱ्या एका पाण्याचं नाव कुणी घेत नाही. आपल्याच छपरांवर, अंगणांत आणि रस्त्यांवर पडलेलं ते पाऊसपाणी. वाशिष्ठी आपल्या पात्रात असतानाही दोन तासांची जोराची सर आणि खाडीची भरती एका वेळी आली, की सखल भागात ते साचतं. माणसं पँटा दुमडून दुकानं उघडतात, आणि वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळी येतात.

मी निवृत्त ओव्हरसिअर. कागदावर कनिष्ठ अभियंता, पण लोक ओव्हरसिअरच म्हणत. मूळ इथला, नोकरी मात्र बाहेर केली, कोकणातल्या आणि घाटावरच्या नगरपालिकांच्या बांधकाम विभागात. रस्ते, मोऱ्या, शाळांची छपरं सगळं केलं. एस्टिमेटं सगळ्यांत जास्त केली ती गटारांची. म्हणून इथे बोलायचं आहे ते गटारावर.

शहराची ठेवण आधी नीट बघायला हवी. पाग-खेंडच्या वरचे डोंगरउतार, भोवतालचे सडे, तिथून उतरणारे पऱ्ये आणि खाली सपाटीवर बाजार. मधून शिव नदी जाते आणि वाशिष्ठीला मिळते. वाशिष्ठी पुढे दाभोळच्या खाडीला. गोवळकोट हे एके काळचं बंदर, म्हणजे भरतीचं पाणी किती आतवर येतं ते वेगळं सांगायला नको. वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भरतीच्या वेळी नदीची पातळी वर येते, गटारांची तोंडं पाण्याखाली जातात आणि बाजारातलं पाणी जिथल्या तिथे अडतं. कधी कधी तर उलटं येतं, चेंबरच्या झाकणातून वर. मग आपण म्हणतो, नालेसफाई झाली नाही. कधी ते खरंही असतं. पण आरशासारखं स्वच्छ केलेलं गटारसुद्धा, त्याचं तोंड बुडालेलं असेल तर, वाहणार कुठे?

आता थोडं गणित. कंटाळू नका, पाचवीच्या मुलाला जमेल इतकंच आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होतं. शहराच्या वरच्या अंगाचा साठ हेक्टरांचा एक उतार धरा. तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला. कोकणात ही काही अचाट गोष्ट नाही. तीन कोटी लिटर पाणी पडलं. उतारावर झाडी, गवत, भातखाचरं असतील तर त्यातलं साधारण तीस टक्के, म्हणजे नव्वद लाख लिटर लगेच खाली धावतं. त्याच उतारावर बंगले, सिमेंटचे रस्ते, पेव्हर ब्लॉकची अंगणं आणि पत्र्याच्या शेड झाल्या की ऐंशी टक्के धावतं. म्हणजे दोन कोटी चाळीस लाख. पाऊस तोच, ढग तोच, फक्त दीड कोटी लिटर पाणी जादा, आणि तेही एका तासात. (जुलैत जमीन भिजून गच्च झालेली असते तेव्हा झाडीतूनही तीसपेक्षा बरंच जास्त वाहतं आणि उघड्या जांभ्याच्या सड्यावरून तर फारच. तरी फरक मोठाच राहतो.)

हे पाणी न्यायला आपण काय बांधतो? तीन फूट रुंद, तीन फूट खोल आरसीसी गटार, वर झाकणं. बाजाराच्या सपाटीवर पाचशेला एक इतका ढाळ मिळाला तरी नशीब. असं गटार काठोकाठ भरून वाहिलं तर सेकंदाला जेमतेम एक हजार लिटर नेतं, तासाला छत्तीस लाख. वरून येणारे दोन कोटी चाळीस लाख न्यायला अशी सहा-सात गटारं शेजारीशेजारी लागतील. एवढी रुंदी बाजारपेठेत आणायची कुठून? आणि हे सगळं तोंड उघडं असेल तर. भरतीला तीन-चार तास तोंड बंद असेल, तर सातऐवजी सतरा बांधली तरी पाणी हलणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की लहान शहराच्या पाऊसपाणी आराखड्यात पहिला प्रश्न गटार किती रुंद हा नसावा. नदी पाणी घेत नसेल त्या तीन-चार तासांत हे पाणी बसेल कुठे, हा असावा. मुंबईने जुन्या ताशी पंचवीस मिलिमीटरच्या जागी पन्नासचा हिशेब धरला, नाले रुंद केले आणि समुद्रकाठी भलीमोठी पंपिंग स्टेशनं उभी केली. त्यांच्याकडे तो पैसा आहे. आपल्याला पंप बसवता आला तरी जुलैतल्या वादळी रात्री वीज असेल याची खात्री कोण देणार? आपल्याला जागाच हवी.

जागा किती, तेही बघू. वरच्या उदाहरणातलं जादा पाणी दीड कोटी लिटर होतं. तीन एकर जागा चार फूट खोल असेल तर ते सगळं तिथे मावतं. तीन एकर म्हणजे एक बऱ्यापैकी क्रीडांगण. ते एका ठिकाणीच असावं असंही नाही. एक मैदान, एक बाग, बाजार समितीचं आवार, शाळेची मोकळी जागा, असं तुकड्यातुकड्यांत चालेल. वर्षाचे दहा-अकरा महिने मुलं तिथे क्रिकेट खेळतील. पावसाळ्यात जोराच्या सरीला तीन तास पाणी बसेल आणि ओहोटी लागली की तळच्या पाइपातून निघून जाईल. आज आपण करतो नेमकं उलट. मैदानात भराव घालून ते रस्त्याच्या वर उचलतो आणि बाजूने पाच लाखांचं गटार बांधतो.

रामतीर्थ, नारायण, वीरेश्वर अशी तळी या शहरात आहेत. आपल्याकडे तळ्याचं काम निघालं की कट्टा, दिवे, कारंजं यांचं एस्टिमेट होतं. सांडवा कोणत्या पातळीला ठेवायचा आणि जोराच्या पावसाचा इशारा असेल तर तळं आदल्या दिवशी किती उतरवायचं, याची ओळ त्यात मला क्वचितच दिसली. एक एकराचं तळं एक फूट उतरवलं तरी बारा लाख लिटरांची जागा होते. खर्च एका दाराचा.

दारावरून आठवलं. खाडीकाठच्या खारबंदिस्तीत आपले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या उघाडी बसवत आले आहेत. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं, भरतीला बाहेरचं पाणीच ते दार मिटवतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. हीच झडप लोखंडाची करून गटाराच्या प्रत्येक तोंडावर बसवली तर निदान नदी उलटी बाजारात येणार नाही. वर्षातून दोनदा ती साफ करावी लागेल, प्लास्टिकच्या पिशव्या अडकून ती अर्धी उघडी राहील, हे मला ठाऊक आहे. तरी बसवावी.

आणखी एक काम आहे, ते कुठल्या वॉर्डाच्या यादीत बसत नाही म्हणून होत नाही. उंचावरचं पाणी आणि सखल भागाचं पाणी वेगळं करायचं. डोंगराचं पाणी उंचीवर असतं. ते बाजारात उतरू न देता आडव्या चरातून शिव नदीच्या वरच्या अंगाला सोडलं, तर भरतीला न जुमानता स्वतःच्या उंचीच्या बळावर वाहून जातं. मग बाजाराच्या वाट्याला फक्त बाजारावर पडलेलं पाणी उरतं. शिव नदीला ते पेलवेल का, हेही मोजावं लागेलच. मोजल्याशिवाय मी काहीच करा म्हणत नाही.

हे होत का नाही? पैसा नाही म्हणून नव्हे. नगरोत्थान आहे, वित्त आयोगाचे पैसे आहेत, जिल्हा नियोजनातून येतात. पण येतात ते कामांच्या यादीने, आणि यादी होते वॉर्डावॉर्डाने. एका नगरपालिकेत असताना मला सांगण्यात आलं, प्रत्येक वॉर्डाला सारख्या लांबीचं गटार द्या, म्हणजे कुणाची तक्रार नको. मी म्हटलं, पाण्याला वॉर्ड कळत नाहीत. आधी सगळ्या शहराची लेव्हल घेऊ, उताराचा नकाशा करू. एक नगरसेवक समजावणीच्या सुरात म्हणाले, "साहेब, नकाशा लोकांना दिसत नाही, गटार दिसतं." माणूस वाईट नव्हता, निवडणुकीचं गणित त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. गटारं झाली. एका वॉर्डातलं तीन फुटी गटार पुढच्या वॉर्डातल्या जुन्या दीड फुटी मोरीला जोडलं गेलं. एकतीस मार्चच्या आत मेजरमेंट बुक भरलं, बिलं निघाली. पहिल्याच पावसात त्या मोरीच्या तोंडाशी पाणी कमरेला लागलं.

आणि भराव. २०२१नंतर तर ही चढाओढच लागली आहे. ज्याने त्याने आपला प्लॉट तीन-चार फूट वर उचलायचा. लाल मातीचे डंपर फिरत असतात. घर बुडालेल्या माणसाला मी दोष देऊ शकत नाही, त्याने बघितलं ते मी बघितलंय. पण भराव घातलेल्या प्लॉटावरचं पाणी नाहीसं होत नाही, शेजाऱ्याकडे जातं. शेजारी ऐपतीचा असेल तर तोही भराव घालतो. शेवटी ज्याला भराव परवडत नाही त्याच्या घरात सगळ्यांचं पाणी. त्यात पालिका दर दोन-तीन वर्षांनी जुन्या डांबरावर नवा थर चढवते आणि ज्या घरांना पूर्वी दोन पायऱ्या चढून जावं लागे तिथे आता पायरी उतरून जावं लागतं. जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकायचा नाही, आणि भरावाने अडेल तेवढ्या पाण्याची सोय त्याच प्लॉटात केल्याशिवाय बांधकाम परवानगी द्यायची नाही, एवढे दोन ठराव करायला मंत्रालयात जावं लागत नाही.

कुणी म्हणेल, शहरात जागेचे भाव काय आहेत आणि तुम्ही तीन एकर मागता! मागतो, कारण ती बहुतेक सरकारी आणि पालिकेचीच जागा आहे, आज मोकळी आहे आणि विकास आराखड्यात मैदान-बाग म्हणून रंगवलेली आहे. उद्या तिथे व्यापारी संकुल झालं की ती कायमची गेली. गटार दहा वर्षांनी रुंद करता येतं, गेलेलं मैदान परत मिळत नाही. डासांचं म्हणाल, तर तीन-चार तासांत उतरणाऱ्या पाण्यात डासांची पैदास होत नाही. ती होते सहा महिने तुंबलेल्या बंदिस्त गटारात. आणि वाशिष्ठीच काठाबाहेर आली तर यातलं काहीही बाजार वाचवणार नाही, हे मी स्वच्छ सांगतो. तो लढा वेगळा आहे, गाळाचा, अवजलाचा आणि रेषांचा, तो चालू राहावा. पण पूर रोज येत नाही, तुंबणं मात्र ठरलेलं आहे. शिवाय लहान ओढ्यांना कमी लेखू नये. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात माणसं वाहून गेली ती मुठेत नव्हेत, आंबील ओढ्यासारख्या ओढ्यांच्या लोंढ्यात.

पावसाचे आकडेही आपण चुकीचे वाचतो. सकाळी साडेआठला चोवीस तासांचा आकडा येतो, शंभर-सव्वाशे मिलिमीटर. ते दिवसभर रिपरिप पडले तर गटाराला काही होत नाही, दोन तासांत पडले तर बाजार बुडतो. आराखड्याला हवा असतो पंधरा मिनिटांचा, तासाचा आकडा. महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळागणिक आहेत, ती आकडेवारी मागून घ्यावी. शहरातल्या दोन-तीन शाळांच्या गच्चीवर आपली स्वतःची यंत्रं बसवावीत, एका गटाराच्या झाकणांपेक्षा कमी खर्चात होतील. नदीत पातळीची पट्टी रंगवून भरतीची वेळ आणि बाजारातलं पाणी यांची नोंद एक पावसाळा ठेवली, तरी कुठल्याही सल्लागाराच्या जाडजूड अहवालापेक्षा ती उपयोगी पडेल.

दिवाळीनंतर पुन्हा कामांच्या याद्या निघतील, टेंडरं लागतील आणि तुमच्या दारातही कदाचित खोदाई सुरू होईल. गटार मिळालं म्हणून खूश होण्याआधी कामावरच्या माणसाला दोनच गोष्टी विचारा. हे सुटतं कुठे, आणि भरतीला ते तोंड बुडतं का? त्याला सांगता आलं नाही तर नगरपालिकेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि उत्तर येईपर्यंत काम पुढे जाऊ देऊ नका.