कुकरची शिट्टी आणि कॉम्प्युटरची डिस्क

उन्हाळी सुट्टीनंतर शाळेतला जुना कॉम्प्युटर सुरू करावा, तर निळा पडदा येतो. तीर्थपुरीत घरोघरीही हे घडते. मग कोणीतरी सुचवते, "फॉरमॅट मारून टाका." फॉरमॅटबरोबर अब्बांच्या हजचे फोटो जातात आणि मुलीच्या शिष्यवृत्तीचे कागदही जातात. वाचक बंधू-भगिनींनो, डिस्क पुष्कळदा शाबूत असताना हे नुकसान होते. का, ते आज पाहू.

प्रोसेसर फार वेगवान असतो आणि फिरणारी हार्डडिस्क त्याच्या मानाने फार संथ. डिस्कवरची एक माहिती शोधायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात प्रोसेसर लाखो कामे उरकतो. त्याने "झाले का, झाले का?" विचारत बसणे परवडणारे नाही. अम्मी कुकर लावून भाकरी थापायला बसतात आणि शिट्टी झाली की वळून पाहतात, तशीच व्यवस्था इथे आहे. ऊसतोडीच्या टोळीला जसा मुकादम, तसा डिस्कला कंट्रोलर असतो. काम झाले की तो शिट्टी देतो. या शिट्टीला इंटरप्ट म्हणतात.

की-बोर्ड, माऊस, डिस्क सगळेच शिट्टी देतात, म्हणून प्रत्येकाला नंबर दिलेला असतो. १९८१ च्या आयबीएम पीसीत असे ८ नंबर होते. १९८४ च्या 'एटी' मॉडेलमध्ये ते १६ झाले. त्यातला एक दोन चिपा जोडण्यात खर्च होई, म्हणून उरले १५. की-बोर्डला १, फ्लॉपीला ६ आणि हार्डडिस्कला १४. पुढे डिस्कची दुसरी जोडणी आली, तिला १५ मिळाला. जादा कार्ड बसवताना नंबर बहुधा हातानेच, छोट्या पिना बदलून ठरवावा लागे. दोन कार्डांना एकच नंबर दिला, तर दोन कुकर एकदम वाजल्यासारखे होई. एक शिट्टी हरवे आणि काम अडून बसे.

नंतर पीसीआय पद्धत आली. तिच्यात दाद मिळेपर्यंत शिट्टी थांबत नाही, त्यामुळे दोघांना एक नंबर चालतो. ऑपरेटिंग सिस्टिम त्या नंबरावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारते, "तुझी होती का?" नंबर वाटण्याचे कामही आता तिचेच. कोणती तार कुठे जाते याचा तक्ता बायोस तिला देतो. तो वाचून ती कंट्रोलरला नंबर देते आणि त्यापुढे त्याच्या ड्रायव्हरचे नाव मांडते. नव्या एनव्हीएमई डिस्क तर तारेऐवजी संदेश पाठवतात आणि प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्यासाठी वेगळी शिट्टी ठेवू शकतात.

आता निळ्या पडद्याकडे येऊ. बायोसमध्ये साटा डिस्कसाठी सहसा दोन पर्याय असतात. 'आयडीई' या जुन्या पर्यायात कंट्रोलर बहुधा १४ आणि १५ हेच नंबर वापरतो. 'एएचसीआय'मध्ये नंबर वेगळा, बोलण्याची रीत वेगळी आणि ड्रायव्हरही वेगळा. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की बायोस आपली नोंद विसरतो आणि कारखान्यातल्या मूळ पर्यायावर जातो. विंडोज मात्र आधीच्या पर्यायाच्या ड्रायव्हरची तयारी करून बसलेले असते. त्याला डिस्क सापडत नाही.

म्हणून फॉरमॅटला होकार देण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. पडद्यावरची तारीख जुनीच दिसते का, ते पाहावे; दिसली तर सेल बदलून तारीख लावावी. बायोसमधला साटाचा पर्याय बदलून एकदा सुरू करून पाहावे. उपयोग झाला नाही तर तो पूर्ववत ठेवावा. आणि कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, डिस्कची केबल घट्ट बसवावी.

कॉम्प्युटर सुरू झाला की मुलांना नंबरही दाखवा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू'खाली 'रिसोर्सेस बाय टाइप' निवडले की यादी उघडते. काही नंबर उणे दिसतील. ते संदेशवाल्या शिट्ट्यांचे. पण त्याआधी फोटो आणि कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.