विमानाचे पोट

१८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्क येथे बिनतारी लहरींनी नौका चालवून दाखविली. तिच्याही पोटात बॅटऱ्याच होत्या. आज आमचे विद्यार्थी त्याच तत्त्वावर चिमुकली विमाने उडवितात, आणि ती अधिक वेळ उडावीत म्हणून बॅटरीचा कप्पा कापून मोठा करू पाहतात. ही हौस दोषास्पद नाही. दोष आहे तो न मोजता कापण्यात. एका मुलास आम्हीच घाईने ‘काप’ म्हटले. जड बॅटरी मागे बसली, विमानाने नाक वर केले व ते कोसळले. तो अपराध आमचा.

गुरुत्वमध्य सामान्यतः पंखाच्या पुढील कडेपासून त्याच्या रुंदीच्या पाव ते तृतीयांश अंतरावर असावा. म्हणून विमान आधी दोन बोटांवर तोलावे, आणि कप्पा असा लांबवावा की बॅटरी पुढेमागे सरकवून पट्ट्याने आवळता येईल. शिवाय परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. लिथियमची बॅटरी अति उष्णतेने फुगते, प्रसंगी पेटते. करिता हवेसाठी पुढे लहान व मागे त्याहून मोठे छिद्र ठेवावे.

पालकांनी मुलाच्या हातची सुरी हिसकावू नये. तिच्या जोडीला फूटपट्टी व तराजू द्यावा, आणि कापताना जवळ बसावे.