रेवडी नेमकी कोणाच्या ताटात?

हैदराबादच्या लिबर्टी चौकातून हिमायतनगरकडे वळणाऱ्या सिटी बसमध्ये कंडक्टर बाईचं आधार कार्ड बघतो आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून हातात देतो. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये महिलांना प्रवास मोफत आहे. तेव्हापासून सुखवस्तू बैठकांत अशा फुकट सवलतींवर, म्हणजे ‘रेवडी’वर, तीन आक्षेप ठरलेले आहेत : फुकटानं माणूस आळशी होतो, तिजोरी रिकामी होते, आणि द्यायचंच तर खऱ्या गरजूंना निवडून द्या. वरवर तिन्ही बिनतोड वाटतात. म्हणूनच त्यांचा समाचार घ्यायला हवा.

आधी आळसाचं बघू. घरी बसणारीला मोफत बसचा छदामही मिळत नाही. फायदा होतो तो घराबाहेर पडणारीला. हिमायतनगरच्या इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या आणि इथल्या दुकानांत दिवसभर उभं राहून साड्या उलगडणाऱ्या बायका बसनंच येतात. तिकिटाचे वाचलेले पैसे म्हणजे मालकानं न दिलेली पगारवाढच. तांदळाचीही तीच गत. रेशनचा जाडा तांदूळ लोक विकतात, म्हणजे त्यांना गरज नाही, असं म्हटलं जाई. पण तो विकला जाई, कारण कोणी आवडीनं खात नसे. ३० मार्च २०२५ ला हुजूरनगरहून रेशनवर बारीक तांदूळ द्यायला सुरुवात झाली, माणशी महिना ६ किलो. गरिबानंही चांगला भात खावा, एवढं साधं शहाणपण सुचायला इतकी वर्षं लागली.

आता तिजोरी. तिची चिंता जरूर करावी, पण सगळ्या खात्यांची करावी. २०१८ मध्ये सुरू झालेल्या रयतु बंधू योजनेत एकरी ४,००० रुपये, पुढे ५,००० रुपये, दर हंगामाला मिळत. जमिनीला कमाल मर्यादा नव्हती. जास्त जमीन, जास्त पैसे. गावाकडे पन्नास एकर आणि शहरात फ्लॅट असलेल्या मालकाच्या खात्यातही रक्कम पडे. तीच जमीन खंडानं कसणाऱ्या कुळाला मात्र भोपळा. त्या वेळी रेवडीचा गजर फारसा ऐकू आला नाही. मोफत बसनं रिक्षावाल्यांचा धंदा बसला, ही तक्रार मात्र खरी आहे. त्यांना भरपाई द्यावी; बाईचं तिकीट परत सुरू करणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत सभ्य आणि सर्वांत घातक. निवडून द्या म्हणता, पण निवडणार कोण? तेलंगणानं हे काम ‘समग्र वेदिका’ या संगणकी यंत्रणेकडे सोपवलं. वाहन, वीज, मालमत्ता अशा वेगवेगळ्या नोंदी जुळवून अपात्र कोण, हे ती सुचवते. नावात साधर्म्य निघालं की दुसऱ्याची मोटार गरिबाच्या नावावर चढते. राज्यात सुमारे १९ लाख रेशनकार्डं रद्द झाली. अखेर एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रत्यक्ष फेरतपासणीचा आदेश द्यावा लागला. चार श्रीमंत वगळण्यासाठी एका उपाशी माणसाचं कार्ड गेलं, तर तो हिशेब तोट्याचाच.

मग योग्य काय? उत्तर महाराष्ट्रानं कधीच देऊन ठेवलं आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्याला तारून गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिथं उत्पन्नाचा दाखला कोणी मागितला नाही. भर उन्हात खडी फोडायला सधन माणूस जातोच कशाला? योजनेची घडणच गरजू निवडत होती. खर्चासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. खचाखच भरलेली सिटी बसही अशीच चाळणी आहे. मोटारवाली तिच्यात लटकत नाही.

म्हातारपणाला अशी चाळणी लावता येत नाही. तिथं पेन्शन सर्वांना द्यावी आणि प्राप्तिकर भरणारे किंवा सरकारी निवृत्तिवेतन घेणारे तेवढे वगळावेत. कोणाचंही नाव नोटीस आणि सुनावणीशिवाय कापू नये. रक्कम महागाईशी कायद्यानंच बांधावी. ऐंशीच्या आतल्या वृद्धांना केंद्राकडून मिळणारे महिना २०० रुपये २००७ पासून तसेच आहेत. तेलंगणानं २०१९ मध्ये वृद्धांची पेन्शन २,०१६ रुपये केली. २०२३ च्या निवडणुकीत ४,००० चं आश्वासन आलं, पण पुढची दोन वर्षं आकडा हलला नाही. आणि नांदेडहून बांधकामावर आलेल्या मजूर बाईच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असतो, म्हणून तिला बसचं तिकीट काढावंच लागतं. रेशन राज्याची सीमा ओलांडू शकतं, तर बसची सवलत का नाही?

नीती आयोगाच्या मोजणीत तेलंगणातलं बहुआयामी दारिद्र्य २०१५-१६ मधल्या १३.१८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ५.८८ टक्क्यांवर आलं. याचं सगळं श्रेय योजनांना देता येणार नाही. पण फुकट दिल्यानं समाज बुडतो, हे भाकीत मात्र या आकड्यांनी साफ खोटं पाडलं आहे. तेव्हा रेवडी शोधायचीच असेल, तर आधी सातबारा बघा. बसचं तिकीट नंतर.